थोरल्या भावाचा ढीग

तेनिनचा भुईमूग यंदा माकडांनी खाल्ला. थोडाथोडका नव्हे, सगळा. सकाळी ती शेतावर गेली तर वेल उपटून पडलेले, टरफलांचा खच, आणि बांधावरच्या झाडात एक म्हातारं माकड पोट खाजवत बसलेलं. राखणीला तिचा नवरा लांसिने होता. तो माचावर उताणा झोपला होता, आणि उशाशी ठेवलेल्या त्याच्या चघळायच्या कोलाच्या बियाही माकडांनी नेल्या होत्या. जागा झाल्यावर त्यानं आधी बियांची चौकशी केली.

"माझं वरीस बुडालं," तेनिन म्हणाली.

"त्यांना बी पोट असतंय," लांसिने म्हणाला. "पर कोलाच्या बिया कशाला न्यायच्या? माकडाला त्याची काय चव?"

भात घराचं, ज्वारी घराची; भुईमूग मात्र बाईचा. तेनिनच्या मुलीचं, ज्याकाचं, लग्न पाऊस लागायच्या आत होतं, आणि मुलगी सासरी निघाली की तिच्याबरोबर पातेली द्यायची ती आईनं. इनॅमलची, झाकणाची, फुलं रंगवलेली. एकावर एक रचली की झोपडीच्या आढ्याला टेकली पाहिजेत. बाप त्यात काही देत नाही. बाप मतं देतो. गेल्या वर्षी तेनिनची धाकटी सवत साराता हिच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा पातेली वाहायला शेजारच्या गावातनं बाया बोलवाव्या लागल्या होत्या, आणि सारातानं ते कुणाला विसरू दिलं नव्हतं.

"अक्का," ती त्या दिवशी तांदूळ कांडता कांडता म्हणाली, "अगदीच नड लागली तर माझी दोन जुनी देईन हं मी. एकाचा टवका गेलाय, पर भिंतीकडं तोंड करून ठेवली की कुनाला दिसत न्हाई."

तेनिननं मुसळ खाली ठेवलं आणि तिथल्या तिथं ठरवलं की यंदा सोन्याला जायचं.

त्यात नवल काही नव्हतं. भात घरात आलं की अर्धं गाव सोन्याला जातं आणि आभाळ भरून आलं की परत येतं. कुणी सायकल आणतं, कुणी खोकला आणतं. नवल एवढंच, की लांसिनेही निघाला.

"घरातला थोरला मी," तो म्हणाला. "बाईमाणसाला एकटं कसं सोडू?"

त्याचा थोरला भाऊ वारल्यापासून त्राओरे घराण्यात थोरला तोच, आणि ही थोरवी तो डोक्यावरच्या निळ्या टोपीसारखी कधी उतरवत नसे. खरं काम करणारा होता त्याचा धाकटा भाऊ फामोरो. तो खड्ड्यात उतरला की उंदरानं उकरल्यासारखी माती वर यायची, आणि वर आला की दिवसभरात चार शब्द बोलायचा, तेही जेवणाबद्दल.

राहता राहिला कुत्रा. तो लांसिनेचा शिकारी कुत्रा. त्यानं अजून शिकार अशी केली नव्हती. आमच्याकडं कुत्र्याचं नाव शेजाऱ्यांना ऐकवण्यासाठी ठेवतात, म्हणून लांसिनेनं त्याचं नाव ठेवलं होतं लोक-बोलतीलच. संध्याकाळी तो दारात उभा राहून मोठ्यानं हाक मारी आणि शेजारपाजारची तोंडं आंबट होत. कुत्रा मात्र सोन्याच्या जागेवर चालत नाही, हे पाळण्यातल्या पोराला ठाऊक आहे. कुत्र्याचं पाऊल पडलं की जमिनीखालचे जिन सोनं घेऊन दुसरीकडं जातात. म्हणून तेनिननं त्याला उखळाशेजारच्या खांबाला बांधला, दोरीला दोन गाठी मारल्या आणि साराताला बजावलं.

"जा गं अक्का निवांत," साराता म्हणाली. "मी काय कुत्रं खाते व्हय?"

एक सायकल होती. तिच्यावर कुदळी, दोर, चटया, भांडी, माती धुवायचे भोपळ्याचे मोठे कटोरे, भाताची गोणी, आणि सगळ्यावर लांसिनेची घडीची खुर्ची. थोरला जमिनीवर बसत नाही. सायकल फामोरो ढकलत होता, तेनिनच्या डोक्यावर गाठोडं होतं, आणि लांसिने पुढं चालून वाट दाखवत होता. वाट एकच होती. उत्तरेचा धुळीचा वारा सुटला होता, ओठ फुटले होते, आणि पुढं मागं अशीच माणसं चाललेली, प्रत्येकाच्या खांद्यावर आखूड दांड्याची कुदळ.

नदीवर नावाडी भेटला तो कोंदे आडनावाचा. तेनिननं कपाळाला हात लावला. त्राओरे आणि कोंदे म्हणजे थट्टेचे सोयरे, पूर्वजांपासूनचे. एकमेकांना वाटेल ते बोलायचं, हाताला लागेल ते न्यायचं, आणि रागवायचं मात्र नाही.

"कोन हाय रं?" नावाडी नावेतून ओरडला.

"त्राओरे!"

"मग हुबा ऱ्हा. आधी मानसं नेतो, मग बकऱ्या, मग जागा उरली तर त्राओरे."

"गप ए चवळीखाऊ! तुझा आजा माझ्या आज्यानं मूठभर चवळीवर इकत घेतलेला. मालकाला नावंत घे."

नावाड्यानं त्यांना नेलं, आणि पैलतीरावर उतरताना सायकलवरचा धुरावलेला मासा उचलून आपल्या टोपलीत टाकला. तो मोठा मासा तेनिननं आठवडाभराच्या कालवणासाठी जपला होता. ती लांसिनेकडं बघत राहिली. लांसिने पोट धरून हसत होता.

"अवो, मासा नेला त्यानं."

"कोंदेनं नेला तर त्याला नेला म्हनत न्हाईत."

"मग काय म्हनत्यात?"

"रागावशील तर त्राओरेंची सून शोभनार न्हाईस बघ."

तेनिन माहेरची कामारा. तिच्या माहेरीही थट्टेचे सोयरे होते, पण ते निदान मासा सोडून बोलत. पुढच्या सगळ्या वाटेवर तिनं नवऱ्याशी अबोला धरला. त्याच्या ते ध्यानात आलं नाही.

सोन्याची जागा म्हणजे उघडं माळरान, त्यावर गवती तट्ट्यांच्या झोपड्यांच्या रांगाच रांगा, चहावाले, भजीवाल्या, कुदळीला धार लावणारा लोहार, आणि पलीकडं जमीन नुसती भोकांनी भरलेली. शिरतानाच राखणदार उभे. त्यांच्या म्होरक्याच्या हातात काळा सोटा होता आणि छाती पिंपासारखी होती.

"खड्ड्यापाशी चप्पल न्हाई," त्यानं सुरू केलं. "शीळ न्हाई, भांडान न्हाई, कुत्रं न्हाई. सोमवार जिनांचा, त्या दिशी कुदळ उचलायची न्हाई. आडनाव?"

"त्राओरे," लांसिने छाती काढून म्हणाला.

म्होरक्यानं सोटा खाली टेकला आणि मागं वळून ओरडला, "गड्यांनो, आपापली भांडी आत घ्या! त्राओरे आलाय!"

त्याचं नाव कारिफा. आडनाव कोंदे. तेनिननं गाठोडं खाली ठेवलं आणि डोळे मिटले.

जागेचा धनी एक थकलेला म्हातारा होता. त्यानं काठीनं मापून खड्ड्याची जागा दिली. एका खड्ड्याला तिघं पुरत नाहीत, म्हणून जेनाबू नावाची एक बाई आणि तिचा नवरा असे दोघं भागीदार मिळाले. जेनाबूच्या नवऱ्याला कमी ऐकू यायचं. तिच्याशी इतकी वर्षं संसार केल्यावर ते साहजिक होतं. फामोरो आणि तो आळीपाळीनं खाली उतरत, तेनिन आणि जेनाबू दोरानं माती ओढून काढत, आणि लांसिने खुर्ची टाकून बसे व दोर ओढताना "हं! हं!" करत असे. तेही जिकिरीचं काम आहे असं त्याचं म्हणणं होतं.

तेनिनच्या तळव्यांना फोड आले, ते फुटले, त्यावर लोणी चोळून ती पुन्हा दोर धरी. धूळ नाकात, धूळ भातात. रात्री अंग टेकलं की दोर ओढल्यासारखे हात आपोआप हलत. लाल माती संपली, मग पांढरी चिकणमाती लागली, आणि ती सरता सरेना. आसपासच्या खड्ड्यांतले लोक कंटाळून निघून गेले. लांसिनेनंही घरी जायची भाषा काढली.

"माझी पातेली या मातीच्या खाली हायत," तेनिन म्हणाली. "तुमी जावा. खुर्ची ऱ्हाऊ दे, जळनाला व्हईल."

तो गेला नाही. उलट दुसऱ्या दिवशी त्यानं दोराला हात लावला, आणि तळव्याला फोड आला तो सगळ्या रांगेत फिरून दाखवून आला.

आणि एका दुपारी खालून फामोरोचा आवाज आला, "खडी लागली."

खडीतच सोनं असतं. जेनाबू नाचायला लागली. तेनिनला तिथं खड्ड्याच्या काठावर, त्या धुळीत, निळ्या फुलांची पातेली दिसली. संध्याकाळी ती झोपडीकडं आली तर दारात लोक-बोलतीलच बसला होता.

बरगड्या मोजून घ्याव्यात असा झालेला, एक कान फाटलेला, अंगाला नदीचा चिखल वाळलेला. गळ्यात हातभर दोरी होती. तेनिननं दोरीचं टोक बघितलं. ते चावून तुटलेलं नव्हतं. गाठी व्यवस्थित सोडलेल्या होत्या.

"साराता," ती दातओठ खाऊन म्हणाली.

लांसिनेला बघून कुत्र्यानं शेपटी इतकी हलवली की तो आडवाच पडला. लांसिनेनं त्याला पोटाशी धरलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "नदी पवून आलं गं माझं लेकरू."

"लेकराला आत घ्या! कुनी बघितलं तर खड्डा बुजवतील, आन आपल्याला हाकलून देतील. खडी लागलीय अवो!"

त्यांनी त्याला मोठ्या टोपलीखाली झाकला आणि टोपलीवर खुर्ची ठेवली आणि खुर्चीवर लांसिने बसला. कुत्रा कण्हला की लांसिने खोकायचा. कुत्रा भुंकला की लांसिने शिंकायचा. दुसऱ्या दिवशी फामोरो त्याला काळोख असतानाच माळाबाहेर सोडून आला. तो फामोरोच्या आधी परत पोचला. सकाळी जेनाबू मीठ मागायला आली.

"वैनी," ती मीठ घेऊन उभीच राहिली, "तुमचं मालक झोपंत भुंकत्यात का?"

"त्यांना धुळीचा तरास हाय."

"माझ्या चुलत्याला बी व्हता. पर त्यो असं दार खरवडत न्हवता."

त्याच दिवशी भर दुपारी, सगळे खड्ड्यावर असताना, लोक-बोलतीलच टोपली उलथून निघाला. फामोरोचा वास काढत साऱ्या माळावरनं आला आणि खड्ड्याच्या तोंडाशी बसून आत डोकावून आनंदानं भुंकला.

माळावरच्या कुदळी थांबल्या. जेनाबू मोठ्यानं किंचाळली. घाबरून नव्हे, तिला किंचाळायची आवड होती.

जागेच्या धन्याच्या झाडाखाली सगळा माळ गोळा झाला. म्हातारा चटईवर बसला, शेजारी कारिफा सोटा घेऊन उभा. मध्ये कुत्रा, आणि कुत्र्याची दोरी धरून लांसिने. माणसं बोलत नव्हती, आणि तेच वाईट होतं. या सगळ्यांचं पोट त्या जमिनीत होतं. तेनिनला त्यांचा रागही आला नाही. दुसऱ्या कुणाचं कुत्रं असतं तर तिनंच पहिला दगड उचलला असता.

"रीत म्हाईत हाय," म्हातारा म्हणाला. "खड्डा बुजवायचा. मेंढा द्यायचा. आन उद्या उजाडताना वाटंला लागायचं."

जेनाबूचा आवाज आता खरोखरीच फुटला. "आमचा बी खड्डा हाय त्यो! आमी काय केलं?"

लांसिनेनं घसा साफ केला. "म्हाराज, मी घरातला थोरला. आमच्या घरान्यात कुत्रा म्हंजे…"

तो काय बोलणार हे तेनिनला कळलं: घराण्याचा इतिहास. तो संपेपर्यंत खड्डा बुजला असता. तिच्या डोळ्यांपुढं साराताची टवका गेलेली दोन पातेली आली, भिंतीकडं तोंड केलेली, आणि त्यांच्यापुढं मान खाली घालून उभी असलेली ज्याका. तिला कारिफा दिसला. तोही खाली बघत होता. सोट्यानं मातीवर उगाच रेघा ओढत होता, जणू त्यालाही दुसरं काही सुचत नव्हतं. आणि जन्मात कधी केलं नव्हतं ते तेनिननं केलं. तिनं कमरेवर हात ठेवले आणि सगळ्यांपुढं त्याच्यावर ओरडली.

"ए कोंदे! चवळी खाऊन खाऊन डोळं गेलं का तुझं? कुत्रा कुनाला म्हनतोस? हे माझं थोरलं दीर हायत!"

लांसिनेच्या हातातली दोरी गळून पडली.

कारिफानं मान वर केली. त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला. तो सावकाश कुत्र्याभोवती फिरला, वाकला, फाटका कान बघितला, दात बघितले.

"अरारा," तो म्हणाला. "चूक झाली की. ह्यो तर त्राओरेच हाय."

"कशावरनं?" गर्दीतनं कुणीतरी म्हणालं.

"बघा की. न बोलवता आलाय. उपाशी हाय. आन आल्या आल्या दुसऱ्याच्या कामात तोंड घालून बसलाय. फकस्त याला जरा बुद्धी दिसतीय, तेवढ्यानं मी फसलो."

पहिलं हसणं जेनाबूच्या बहिऱ्या नवऱ्याचं होतं. त्याला काय ऐकू आलं देव जाणे. मग सगळा माळ हसायला लागला. पण कारिफानं सोटा आपटला.

"थांबा! थोरला असंल तर धाकट्यानं नमस्कार केला पायजे. का रं लांसिने? दादा नदी पवून आला, आन तू त्याची इचारपूस बी केली न्हाईस?"

लांसिने एवढंसं तोंड करून उभा होता. कोंदेची थट्टा झेलायला तो कधी हटला नव्हता, पण त्याची थोरवी कुणी अशी काढून घेतली नव्हती. त्यानं तेनिनकडं बघितलं. तिच्या तळव्यांकडं बघितलं. मग तो कुत्र्यापुढं उकिडवा बसला.

"त्राओरे," तो कुत्र्याला म्हणाला, "परवास बरा झाला का?"

"मोठ्यानं!"

"त्राओरे! घरची मंडळी बरी हायत का? पोरंबाळं बरी? गुरं बरी? दादा, तुमी आलात, बरं वाटलं!"

कुत्र्यानं त्याचं नाक चाटलं.

"आन सून?" कारिफानं सोटा तेनिनकडं वळवला.

तेनिननं कटोऱ्यात पाणी घेतलं, डोक्यावरचं फडकं सारखं केलं, आणि थोरल्या दिरापुढं टेकतात तसा एक गुडघा धुळीत टेकून कटोरा दोन्ही हातांनी पुढं धरला. कानशिलं तापली होती. कुत्रा लपालपा पाणी प्याला, खूप वेळ प्याला, आणि सगळा माळ थोरल्यांचं पिणं होईपर्यंत थांबला.

म्हाताऱ्यानं डोळे पुसले. "माज्या जागंवर कुत्रा आलेला मला दिसला न्हाई," तो म्हणाला. "त्राओरे आलेला दिसला. त्राओरेंना मनाई करायचं माझा आजा इसरला, त्याला मी काय करू? पर जिनांची समजूत काढाया तांबडा कोंबडा द्या. आन थोरल्यांनी उनात खड्ड्यावर यायचं न्हाई. राखनदारांच्या खोपीत, माळाच्या भाईर, आरामात ऱ्हावं."

तांबडा कोंबडा जेनाबूनं दिला. तिनंच किंचाळून गर्दी जमवली होती, आणि शिवाय तो कोंबडा अंगावर धावून यायचा.

तेव्हापासून लांसिनेला उभ्या माळावर धाकटा म्हणू लागले. चहावाला विचारी, "धाकटं, साखर किती?" संध्याकाळी तो गुपचूप राखणदारांच्या खोपीकडं जाई आणि दादांना भात चारून येई.

खडी सगळी वर आली तेव्हा वाटणीचा दिवस उजाडला. वाटणी होते ती मातीची, सोन्याची नव्हे. खडीचे सारखे ढीग घालायचे: म्हाताऱ्याचा एक, राखणदारांचा एक, आणि खड्ड्यावरच्या प्रत्येकाचा एक. कुणाच्या ढिगात काय आहे ते धुतल्याशिवाय कळत नाही. म्हणून ज्यानं त्यानं आपली एक वस्तू द्यायची, आणि वाटेनं जाणाऱ्या परक्या माणसानं न बघता एकेका ढिगावर एकेक ठेवायची. तेनिननं बांगडी दिली, फामोरोनं मोडका दांडा, जेनाबूनं कंगवा, तिच्या नवऱ्यानं चप्पल. लांसिनेनं बराच विचार करून विडी दिली, टोपी सोडवेना.

राखणदारांची वस्तू द्यायची वेळ आली तेव्हा कारिफानं खिशात हात घातला आणि खड्ड्यावरनं नजर फिरवली.

"वैनी," तो एकदम म्हणाला, "ज्याकाचं लगीन कवा हाय?"

तिनं ते नाव त्याला सांगितलं नव्हतं. धाकट्यानं चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगितलेलं दिसत होतं.

"पाऊस लागायच्या आत."

"हं." त्यानं खिशातनं एक दोरीचा तुकडा काढला. कुत्र्याच्या गळ्यातला. "ह्यो राखनदारांचा ढीग यंदा थोरल्या त्राओरेंचा. पोरांना इचारलंय मी, ती बी व्हय म्हनाली."

"का?" लांसिनेनं विचारलं.

"का म्हंजे? माझ्या खोपीत पाव्हना हाय त्यो. त्याच्या खड्ड्यात त्यालाच ढीग न्हाई, ही गोष्ट भाईर गेली तर लोक म्हनतील कोंदेंनी गुलामाला उपाशी ठेवला. माझ्या घरान्याची अब्रू जाईल. त्राओरेंना अब्रू म्हाईत नसंल, आमाला हाय." आणि तो घाईघाईनं दुसरीकडं बघायला लागला. "त्याचा ढीग धुवायचा कुनी, ते तुमी बघा. त्यानं पानी ज्याच्या हातचं प्यालं त्यानं धुवावा, असं माझं मत."

नदीवरच्या माशापासून तेनिन या लोकांच्या बोलण्यावर चिडत आली होती, आणि आत्ता तिला उमगलं की असं देताही येतं. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून माणूस त्याला शिव्या देत देतो. तिला मासासुद्धा परत नकोसा झाला.

"चवळीखाऊ," ती कशीबशी म्हणाली. तेवढंच तिला जमलं.

"बोलली! सून बोलली!" कारिफा ओरडला.

परका वाटसरू आला, डोळे मिटून वस्तू ठेवून गेला. मग दिवसच्या दिवस डबक्यात गुडघाभर पाण्यात वाकून धुणं. कटोऱ्यात खडी घ्यायची, पाणी घ्यायचं, गोल गोल फिरवायचं, वरचं सोडून द्यायचं. तळाशी काळी वाळू राहते आणि तिच्या कडेला नशीब. लांसिनेच्या ढिगात नुसती काळी वाळू निघाली. जेनाबूला सोन्याचा थोडा बुक्का मिळाला आणि ती ज्याला त्याला "काहीच न्हाई" म्हणून सांगायला लागली. तेनिनच्या आणि फामोरोच्या ढिगांतला बुक्का एकत्र केला तरी पातेली गुडघ्यापर्यंतच आली असती.

थोरल्याचा ढीग तिनं शेवटी घेतला. तोही तसाच चालला होता. मग एका कटोऱ्याच्या तळाशी, काळ्या वाळूत, पिवळं काहीतरी लोळलं. दाणा होता. चवळीच्या दाण्याएवढा, चवळीसारखाच मध्ये किंचित दबलेला.

अशा वेळी ओरडायचं नसतं. ओरडलं तर बाकीचं सोनं पळतं, आणि नाहीतरी आसपासची माणसं येतात. तेनिननं तो दाणा उचलून तोंडात टाकला आणि धुणं चालू ठेवलं. नेमका त्याच वेळी कारिफा काठानं आला.

"वैनी, दिवस बरा गेला?"

"हं."

"घरचं सगळं बरं? भावजी बरं?"

"हं. हं."

"पोरगी बरी? अंग दुखत न्हाई न्हवं? पानी गार हाय?"

आमच्याकडं विचारपूस अर्धवट सोडत नाहीत, आणि तिला पुरं उत्तर न देणं हा अपमान. तेनिन लाललाल झाली, मान हलवत राहिली, गाल फुगलेला. कारिफानं तिच्या गालाकडं बघितलं. मग वर आभाळाकडं बघितलं.

"वा," तो म्हणाला. "त्राओरेंच्या घरात तोंड मिटायला कुनीतरी शिकलं एकदाचं." आणि तो सोटा हलवत निघून गेला, येताना आला होता त्याहून बऱ्याच जलद.

लांसिनेला तिनं झोपडीत तोंड उघडून दाखवलं.

"सोनं बी चवळीचंच दिलं की त्यानं," तो म्हणाला, आणि टोपीनं डोळे पुसू लागला.

ज्याकाच्या लग्नाच्या दिवशी पातेली आढ्याला टेकली. वरची दोन तर तिरपी ठेवावी लागली. निळी फुलं, लाल फुलं, एकावर कोंबडा. गावातल्या बाया दारातनं आत बघून जात होत्या, आणि साराता सकाळपासून डोकं दुखतंय म्हणत होती.

दुपारी सायकलवरनं एक पिंपासारखा माणूस आला. मागं एक पोतं बांधलेलं. त्यानं ते तेनिनच्या पायाशी टाकलं. चवळी होती.

मांडवात नवऱ्याकडची मंडळी बसली होती, मध्ये त्यांचा जपमाळवाला आजोबा. त्यांच्या बाजूनं बोलणी करणाऱ्यानं कोलाच्या बियांची टोपली उचलली. ती मुलीकडच्या थोरल्याच्या हातात जायची, आणि त्यानं ती घेतली म्हणजे मुलगी दिली. लांसिनेनं निळी टोपी सारखी केली आणि हात पुढं केला.

"आता बघा," कारिफा मांडवाच्या कडेनं म्हणाला. "थोरला तिकडं बसलाय, आन धाकटा हात पुढं करतोय. त्राओरेंची रीत बिघडली."

गावाला माळावरची गोष्ट ठाऊक नव्हती; लांसिनेनं ती सोडून बाकीचं सगळं सांगितलं होतं. जपमाळेचे मणी थांबले. इथं सोन्याचा माळ नव्हता, लांसिनेचं गाव होतं, व्याही होते. तो नुसता हसला असता आणि टोपली घेतली असती तरी कुणी काही म्हणालं नसतं. लांसिनेनं कारिफाकडं बघितलं, मग दारातनं दिसणाऱ्या निळ्या फुलांकडं.

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. टोपली घेऊन तो कणगीच्या सावलीत गेला, जिथं लोक-बोलतीलच चारी पाय पसरून झोपला होता, आणि त्याच्यापुढं उकिडवा बसला.

"दादा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुमच्या ढिगातनं पोरीची पातेली आली. तुमी व्हय म्हनाल तर पोरगी देतो."

कुत्र्यानं एक डोळा उघडला, टोपली हुंगली आणि शिंकला.

"दादा म्हनत्यात, द्या."

आधी आजोबा हसले. मणी खळखळले, खांदे हलले, आणि मग मांडव कोसळेल एवढं हसणं झालं. कारिफा खांब धरून उभा होता. लग्न झाल्यापासून तेनिन नवऱ्याच्या थट्टेला कधी मनापासून हसली नव्हती. आज ती हसली आणि हसता हसता तिला रडू आलं, आणि या माणसाबद्दल तिला इतकं बरं वाटलं की तिनं तोंड फिरवलं. मग ती पाण्याचा कटोरा घेऊन कणगीकडं निघाली.

"अक्का!" साराता पुढं आली. "व्याह्यांच्या म्होरं कुत्र्याला पानी?"

"थोरलं दीर हायत ते," तेनिन म्हणाली. "तू बी ये. दोरी तूच सोडलीस न्हवं त्यांची? ती सोडली नसतीस तर माझी पातेली कुठली यायला?"

सगळा मांडव बघत होता. सारातानं डोक्यावरचं फडकं सारखं केलं आणि तेनिनच्या शेजारी एक गुडघा टेकला. दोघींनी मिळून कटोरा धरला. थोरल्यांचं पिऊन झालं, तेव्हा तेनिननं नवा कटोरा भरून लांसिनेला दिला, गुडघा टेकूनच. त्याची टोपी अजून हातातच होती.